व्हीपीएन लागलंय, पण ऑफिसचं मशीन घेत नाही: बिघाड टप्प्याटप्प्याने कसा शोधायचा

कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं की डोंबिवली, बदलापूर, विरारची मंडळी घरूनच व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित जोडणी) ऑफिसच्या मशीनवर लॉगिन करायला बसतात, आणि साडेनऊच्या सुमारास आयटीवाल्याकडे एकाच मजकुराची पन्नास तिकिटं पडतात: ‘व्हीपीएन चालत नाही’. या तीन शब्दांमागे निदान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. ऑफिसचं मशीन बंद असेल, घरचं नेट अर्धवट असेल, टनेल (व्हीपीएनची घर ते ऑफिस बंदिस्त वाट) लागत नसेल, टनेल लागून पुढचा रस्ता नसेल, प्रॉक्सी (आपल्या वतीने वेबसाइट आणून देणारा मधला सर्व्हर) मध्ये आडवी येत असेल, किंवा सगळं ठीक असून पासवर्डच जुना असेल. राउटर बंद-चालू करणं, क्लायंट (लॅपटॉपवरचा व्हीपीएनचा प्रोग्राम) काढून परत टाकणं, फायरवॉल बंद करून बघणं हे सगळं एकाच वेळी केलं तर बिघाड जातो कधीकधी, पण कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या पावसात तोच परत येतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट तपासायची, आणि ती हो की नाही ते ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खालच्या कमांड विंडोजच्या आहेत. त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी कमांड प्रॉम्प्टमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या.

आधी: ते मशीन चालू तरी आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण इथूनच सुरुवात करा. अंधेरी किंवा लोअर परळच्या छोट्या गाळ्यांमध्ये शेवटचा माणूस निघताना मेन स्विच पाडून जातो. वीज गेली-आली तरी मशीन आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असा पर्याय असतो, तो ‘पॉवर ऑन’वर ठेवावा लागतो. दुसरा नेहमीचा चोर म्हणजे स्लीप. रिमोटने वापरायच्या मशीनवर पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. वेक-ऑन-लॅनवर (झोपलेल्या मशीनला नेटवर्कवरून जागं करण्याची सोय) फार भिस्त ठेवू नका: तो जागं करणारा पॅकेट (माहितीचा तुकडा) ब्रॉडकास्ट, म्हणजे त्याच नेटवर्कमधल्या सगळ्यांना मारलेली हाक, असतो आणि साध्या व्हीपीएनमधून पलीकडच्या लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) पोचत नाही. ऑफिसातल्या दुसऱ्या चालू मशीनवरून किंवा राउटरच्या मेनूतून तो पाठवावा लागतो.

बिटलॉकरला (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) सुरुवातीचा पिन लावलेला असेल तर अपडेटनंतर मशीन त्या निळ्या पडद्यावरच थांबतं. विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे नेटवर्कही नाही. मग ऑफिसात जो कोणी पोचलाय त्याला फोन करण्याखेरीज उपाय नाही.

विंडोज होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या मशीनचा पडदा आपल्याकडे उघडणारी विंडोजची सोय) दुसऱ्या मशीनला जोडू शकते, पण स्वतः कोणाला आत घेत नाही. ऑफिसच्या मशीनवर प्रो किंवा त्यावरची आवृत्तीच लागते. नवीन मशीन आलं आणि तेव्हापासून जोडणी होत नाही, असं असेल तर हे आधी बघा.

घरचं नेट

फायबरच्या डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा असेल तर बिघाड गच्चीवरून गेलेल्या केबलमध्ये आहे, तुमच्या लॅपटॉपमध्ये नाही. केबलवाल्याला फोन. दिवे ठीक असतील तर दोन खिडक्या उघडा. एकीत घरच्या राउटरला, दुसरीत ८.८.८.८ला (गूगलचा सार्वजनिक पत्ता) पिंग -टी (सतत हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड) लावा आणि पाच मिनिटं चालू द्या. राउटरचंच उत्तर मध्येमध्ये गळत असेल किंवा शंभर मिलिसेकंदांवर जात असेल तर दोष वायफायचा. मुंबईच्या इमारतींमध्ये एका मजल्यावर पंधरा-वीस राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, नाहीतर सरळ लॅन केबल लावा. राउटरचं उत्तर नीट येतंय आणि ८.८.८.८चं गळतंय, तर पुढची लाइन खराब.

यानंतर एक स्वस्त चाचणी: लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून व्हीपीएन लावून बघा. हॉटस्पॉटवर लागलं आणि घरच्या नेटवर नाही, तर दोष घर ते ऑफिस या वाटेत आहे. दोन्हीकडे तोच एरर आला तर तुमच्या खात्यात, लॅपटॉपमध्ये किंवा ऑफिसच्या गेटवेमध्ये (व्हीपीएनचं ऑफिसकडचं टोक). दोन मिनिटांत अर्धा शोध संपतो, तरी लोक हे सगळ्यात शेवटी करतात.

टनेल लागतच नाही

प्रत्येक प्रकारच्या व्हीपीएनचं दार, म्हणजे पोर्टचा आकडा, वेगळं; यूडीपी आणि टीसीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती. आयकेईव्ही२ आणि आयपीसेकला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात, ओपनव्हीपीएन मूळ सेटिंगमध्ये यूडीपी ११९४ वापरतं, वायरगार्ड साधारणपणे ५१८२०वर असतं, आणि एसएसएल व्हीपीएन बहुधा टीसीपी ४४३वर. हॉटेल, कॉलेज किंवा गिऱ्हाइकाच्या ऑफिसातल्या नेटवर फक्त ८० आणि ४४३ उघडे असतात. तिथे आयपीसेक लागणार नाही. हा बिघाड नव्हे, त्या नेटचं धोरण आहे.

विंडोजच्या अंगच्या व्हीपीएनचे आकडे बोलके असतात. ८६८: गेटवेचं नाव आयपीत (आकड्यांच्या पत्त्यात) बदललं नाही, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सोय). ८०९: गेटवेकडून उत्तरच नाही, वाटेत कुठेतरी पोर्ट अडलंय. ७८९: एल२टीपीच्या (व्हीपीएनचा आणखी एक प्रकार) सुरक्षा बोलणीतच फिसकटलं, बहुतेक वेळा प्री-शेअर्ड की (दोन्ही टोकांना आधीच दिलेली गुप्त किल्ली) चुकलेली. ६९१: पोचलात, पण नाव किंवा पासवर्ड नाकारला. ६९१ आल्यावर राउटर बंद-चालू करत बसू नका. उत्तर आलं म्हणजे रस्ता शाबूत आहे.

पासवर्डची एक खास मुंबईकर गाठ आहे, कारण इथे लोक आठवडेच्या आठवडे ऑफिसात जात नाहीत. पासवर्डची मुदत संपते, तो वेबमेलमधून बदलला जातो, आणि लॅपटॉप मात्र जुनाच पासवर्ड लक्षात ठेवून बसतो. सोडवायची पद्धत अशी: जुन्या पासवर्डने लॅपटॉप उघडा, नव्या पासवर्डने व्हीपीएन लावा, मग विंडोज आणि एल दाबून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. डोमेन कंट्रोलर (ऑफिसचे पासवर्ड तपासणारा सर्व्हर) टनेलमधून दिसत असल्यामुळे लॅपटॉप नवा पासवर्ड तिथल्या तिथे टिपून घेतो. फोनमधल्या ऑफिस मेलमध्येही तो लगेच बदला. नाहीतर फोन जुन्या पासवर्डने पुन्हा पुन्हा धडका मारतो आणि खातं लॉक होतं.

अ‍ॅपमधला सहा आकडी ओटीपी साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो घड्याळावर चालतो. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल आणि दोन मिनिटं पुढे असेल तर प्रत्येक कोड चूक ठरतो. वेळ ‘आपोआप’वर ठेवा. लॅपटॉपचंही तेच: केरबेरॉस (ऑफिसच्या विंडोज खात्याची ओळख तपासायची पद्धत) मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, आणि तारीख मागे पडली असेल तर सर्टिफिकेटही (गेटवेचं डिजिटल ओळखपत्र) अवैध दिसतं.

टनेल लागलं, पण पुढे काही नाही

खरी डोकेदुखी इथे आहे. ‘कनेक्टेड’ या हिरव्या शब्दाचा अर्थ एवढाच की तुमचा लॅपटॉप आणि गेटवे एकमेकांशी बोलतायत. गेटवेच्या मागे बसलेलं तुमचं मशीन त्यात येत नाही.

पहिला संशयित म्हणजे आयपीची टक्कर. घरचा राउटर १९२.१६८.१.० या पट्ट्यात आणि ऑफिसची लॅनही त्याच पट्ट्यात. तुम्ही १९२.१६८.१.५०ला हाक मारता, लॅपटॉप म्हणतो हा तर घरातलाच पत्ता, आणि पॅकेट टनेलमध्ये न जाता घरच्या वायफायवर फिरतं. ओळखायची खूण: पिंग केल्यावर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं उत्तर तुमच्याच लॅपटॉपच्या आयपीवरून येतं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे पिंगला उत्तर येतं, पण देणारा असतो घरचा टीव्ही. रूट प्रिंट ही कमांड चालवा आणि ऑफिसच्या पट्ट्यासमोर कोणता इंटरफेस (वायफाय, टनेल अशी जोडणी) दिसतो ते बघा. तिथे टनेलचा आयपी हवा. घरच्या वायफायचा दिसला तर टक्कर नक्की.

ऑफिसची लॅन बदलणं हे आयटीचं मोठं काम. घरची बदलणं दहा मिनिटांचं. राउटरच्या पानावर जा, लॅन सेटिंगमध्ये राउटरचा आयपी १९२.१६८.७७.१ असा कोणाच्या ध्यानीमनी नसलेला करा, डीएचसीपीचा (आपोआप आयपी वाटणारी सोय) पट्टा १९२.१६८.७७.१०० ते २०० ठेवा, सेव्ह करा. राउटर परत सुरू होईल. त्यानंतर त्याचं पान नव्या पत्त्यावर उघडेल, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. फोन आणि लॅपटॉप वायफाय बंद-चालू केल्यावर नवा आयपी घेतात. हाताने आयपी दिलेला प्रिंटर किंवा कॅमेरा असेल तर तो वेगळा बदलावा लागतो. आणि आयटीवाल्यांनी नवीन ऑफिस बांधताना १९२.१६८.०, १९२.१६८.१ हे पट्टे घेऊच नयेत. १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५ एवढी मोकळी जागा खाजगी वापरासाठी पडलेली असताना घराघरात असलेला पट्टा ऑफिसला देणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरा संशयित परतीचा रस्ता, आणि हा वापरणाऱ्याला घरून दिसत नाही. समजा व्हीपीएनवाल्यांना १०.८.०.० पट्ट्यातले आयपी मिळतात, ऑफिसचं मशीन १९२.१६८.१०.५०, ऑफिसचा राउटर १९२.१६८.१०.१, आणि व्हीपीएन सर्व्हर वेगळा, १९२.१६८.१०.५वर. तुमचं पॅकेट मशीनपर्यंत पोचतं. मशीन उत्तर देतं, पण १०.८ हा पट्टा त्याच्या ओळखीचा नाही, म्हणून ते आपल्या राउटरकडे म्हणजे .१कडे सोपवतं. राउटरलाही तो माहीत नाही. तो उत्तर इंटरनेटकडे ढकलतो आणि ते तिथेच मरतं. राउटरवर ‘१०.८.०.०/२४ साठी १९२.१६८.१०.५कडे जा’ असा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला कायमचा रस्ता) टाकणं हा उपाय. त्यानंतरही एक गंमत उरते: जाणारं पॅकेट सर्व्हरकडून थेट मशीनला गेलं आणि येणारं मात्र राउटरमार्गे निघालं, तर राउटरचा फायरवॉल ‘या संभाषणाची सुरुवात मी पाहिलीच नाही’ म्हणून ते टाकून देतो. परिणामी पिंग चालतं आणि रिमोट डेस्कटॉप चालत नाही. अशा वेळी व्हीपीएन सर्व्हरवर नॅट (पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी आपला पत्ता लावणं) लावा म्हणजे मशीनला सगळी विनंती .५कडूनच आलेली दिसेल, किंवा सर्व्हरला राउटरच्या वेगळ्या इंटरफेसवर बसवा. नॅटमध्ये कोण आलं होतं हे मशीनच्या लॉगमध्ये कळत नाही, एवढा तोटा आहे.

तिसरा संशयित नाव. आयपी दिल्यावर मशीन उघडतं आणि नाव दिल्यावर नाही, तर डीएनएस. एनएसलुकअप नंतर मशीनचं पूर्ण नाव द्या आणि वरच्या ओळीत कोणता सर्व्हर उत्तर देतोय ते बघा. घरच्या राउटरचा पत्ता दिसला तर व्हीपीएनने आपला डीएनएस लावलेलाच नाही. नुसतं नाव चालत नसेल पण मागे ऑफिसचं डोमेन जोडून चालत असेल तर डीएनएस सफिक्स राहिलाय. आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस केल्यावर जुनी उत्तरं पुसली जातात. फक्त ब्राउझरमध्येच अंतर्गत साइट उघडत नसेल तर ब्राउझरची ‘सिक्युअर डीएनएस’ सोय बंद करून बघा. ती ऑफिसला न विचारता परस्पर बाहेर चौकशी करते. आयपीने उघडतंय म्हणून कायम आयपीच वापरू नका. मशीन डीएचसीपीवर असेल तर आज .५० असलेलं सोमवारी .६३ होतं आणि तुम्ही शेजारच्याच्या मशीनचं दार ठोठावत बसता. आयटीकडून आयपी राखीव करून घ्या.

लॉगिनचा पडदा येतो आणि मग सगळं गोठतं

पिंग छान, पोर्ट उघडं, पासवर्ड स्वीकारला, आणि काळा पडदा. हे लक्षण बहुधा पॅकेटच्या आकाराचं. साध्या इथरनेटवर १५०० बाइटपर्यंतचं पॅकेट जातं, पीपीपीओई (नाव-पासवर्ड भरून चालणाऱ्या ब्रॉडबँड) लाइनवर १४९२, आणि व्हीपीएन आपलं वेष्टन चढवतं म्हणून आतल्या मालाला जागा आणखी कमी. लहान पॅकेट निघून जातात, मोठी अडतात. ‘मोठं आहे, तोडून पाठव’ हा निरोपही वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने अडवला तर दोन्ही टोकं वाट बघत राहतात.

मोजायचं असं: टनेल चालू ठेवून ऑफिसातल्या, पिंगला उत्तर देणाऱ्या कुठल्याही पत्त्याला पिंग -एफ -एल १४७२ करा. अडलं तर १४००, मग १३७२, १३५० असं उतरत या. जो मोठ्यात मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू (पॅकेटचा मोठ्यात मोठा आकार). १३७२ गेला तर १४००. तो आकडा व्हीपीएन क्लायंटच्या सेटिंगमध्ये किंवा टनेलच्या इंटरफेसवर नेटश या विंडोजच्या कमांडने लावा. शंभर लोकांना हाच त्रास असेल तर शंभर लॅपटॉपवर बदल करण्यापेक्षा गेटवेवर एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही टोकांना पॅकेट लहानच पाठवायला लावणारी सेटिंग) लावणं शहाणपणाचं.

गोठणं सतत नसून अधूनमधून असेल तर रिमोट डेस्कटॉपची यूडीपी वाहतूक बंद करून बघा. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) जोडणाऱ्या मशीनसाठी तसा पर्याय आहे. चित्र थोडं मंद होईल, पण टिकेल.

प्रॉक्सी: कुठे तिचा दोष असतो, कुठे नसतो

आधी एक गैरसमज काढून टाकू. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट ३३८९ पोर्टवर जातो आणि ब्राउझरची प्रॉक्सी सेटिंग त्यात लागूच होत नाही. त्यामुळे वेबसाइट उघडतायत पण रिमोट डेस्कटॉप नाही, अशा वेळी प्रॉक्सीच्या सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. रिमोट डेस्कटॉप गेटवे वापरत असाल तर गोष्ट वेगळी, तो ४४३वरून एचटीटीपीएसमधून जातो.

प्रॉक्सीचा दोष खरोखर असतो तो कोंबडी-अंड्याच्या प्रसंगात. ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी हाताने भरलेली, तिचा पत्ता ऑफिसच्या आतला. घरी ती दिसत नाही म्हणून एकही पान उघडत नाही. व्हीपीएनचं लॉगिन ब्राउझरमध्ये उघडणारं असेल तर तेही नाही. म्हणजे प्रॉक्सीसाठी व्हीपीएन हवं आणि व्हीपीएनसाठी प्रॉक्सी. तात्पुरता उपाय: सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथे जाऊन हाताने भरलेली प्रॉक्सी बंद करा, व्हीपीएन लावा, परत चालू करा. कायमचा उपाय आयटीकडे: पॅक फाइल (कुठे प्रॉक्सी वापरायची, कुठे नाही ते सांगणारी) द्यायची, तिच्यात व्हीपीएन गेटवे आणि लॉगिनचं पान ‘डायरेक्ट’ ठेवायचं.

याच्या उलट: व्हीपीएन लावलं की इंटरनेट जातं. टनेल पूर्ण असेल तर सगळी वाहतूक ऑफिसमार्गे जाते, आणि ऑफिसचा फायरवॉल प्रॉक्सीखेरीज कोणाला बाहेर सोडत नाही. तेव्हा प्रॉक्सी चालू हवी. टनेल अर्धं असेल, म्हणजे फक्त ऑफिसचे पट्टे त्यातून जात असतील, तर घरचं नेट थेट चालायला हवं. तुमच्याकडे कोणता प्रकार आहे हे रूट प्रिंटमध्ये ०.०.०.०ची ओळ टनेलकडे दाखवते की घरच्या राउटरकडे, यावरून बहुतेक वेळा कळतं. काही क्लायंट तिच्याऐवजी ०.०.०.० आणि १२८.०.०.० अशा अर्ध्या-अर्ध्या दोन ओळी टाकतात. त्या दिसल्या तरी टनेल पूर्णच.

अंतर्गत साइट प्रॉक्सीकडे जाऊन आपटत असेल तर बायपास यादी (प्रॉक्सी टाळायच्या पत्त्यांची) बघा. ‘लोकल पत्त्यांसाठी प्रॉक्सी नको’ ही खूण फक्त बिनटिंबाच्या नावांना लागू होते. १०.२.३.४ किंवा पूर्ण डोमेन नाव तिच्या हिशेबात लोकल नाही. त्यांना यादीत वेगळं लिहावं लागतं, १०.* आणि *.डोमेन अशा धर्तीवर, मध्ये अर्धविराम.

विंडोजमध्ये प्रॉक्सीच्या जागा दोन आहेत. ब्राउझरची एक, आणि पार्श्वभूमीच्या सेवांची दुसरी. नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी ही कमांड दुसरी दाखवते. कोणीतरी वर्षापूर्वी भरलेली प्रॉक्सी तिथे राहून गेली असेल तर ब्राउझर चालतो आणि व्हीपीएनची सेवा किंवा अपडेट अडकतात. नेटश विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सीने ती पुसते, त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडावा लागतो.

एरर ४०७ म्हणजे प्रॉक्सी ओळखपत्र मागते आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला जुना पासवर्ड काढा. आणि दुसऱ्याच्या ऑफिसात बसून व्हीपीएन लावताना सर्टिफिकेटची तक्रार आली तर बहुधा तिथली प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडून तपासते आहे. ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, तुमचा पासवर्ड त्या प्रॉक्सीच्या हातून जाईल. हॉटस्पॉट वापरा.

शेवटचं दार

पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, मशीनचं नाव, -पोर्ट ३३८९. ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा. पिंग अपयशी पण हे ‘ट्रू’ असेल तर काळजी नको, विंडोजचा फायरवॉल पिंगला बहुतेकदा उत्तर देत नाही. ‘फॉल्स’ आलं तर ऑफिसच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप चालू आहे का, नेटवर्क चुकून ‘पब्लिक’ झालंय का, आणि फायरवॉलच्या नियमाचा स्कोप ‘लोकल सबनेट’पुरता आहे का ते ऑफिसातल्या कोणाकडून तरी बघून घ्या. व्हीपीएनवाले वेगळ्या पट्ट्यात असतात, त्यामुळे लोकल सबनेटच्या नियमात ते बसत नाहीत.

दार उघडं आणि लॉगिन नाकारतंय, तर विंडोजचा पिन नव्हे, पूर्ण पासवर्ड द्या. पासवर्डच नसलेल्या खात्याला रिमोटने आत घेत नाहीत. नावाआधी डोमेन लिहा. खातं ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ गटात आहे का ते विचारा. ‘एन्क्रिप्शन ओरॅकल’ असा एरर आला तर दोनपैकी एका मशीनने २०१८पासूनचे अपडेट घेतलेले नाहीत. अपडेट करा, ती तपासणी बंद करून ठेवू नका. काम संपल्यावर ‘शट डाउन’ दाबलंत तर उद्या सकाळी परत या लेखाच्या पहिल्या टप्प्यावर याल. डिस्कनेक्ट किंवा साइन आउट एवढंच.

बरोबर ठरावीक वेळाने तुटत असेल तर तो वेळ मोजा. ओपनव्हीपीएन मूळ सेटिंगमध्ये ३६०० सेकंदांनी किल्ली बदलतं आणि ओटीपी असेल तर तिथे अडखळतं. न वापरता दोन-चार मिनिटांत तुटत असेल तर वाटेतल्या नॅटने यूडीपीची नोंद पुसली. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा.

आणि कितीही वैताग आला तरी राउटरवर ३३८९ थेट इंटरनेटला उघडून देऊ नका. मे २०१९मध्ये जाहीर झालेली ब्लूकीप नावाची त्रुटी विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत लॉगिन न करताच आत घुसू देत होती, आणि उघड्या ३३८९वर पासवर्ड ओळखून बघणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात.

एवढं करूनही सुटलं नाही तर तिकीट टाका, पण ‘चालत नाही’ असं नको. एरर कोणत्या मिनिटाला आला, एररचा आकडा, घरचं नेट की हॉटस्पॉट, त्या वेळचा बाहेरचा आयपी, टनेलने दिलेला आयपी, रूट प्रिंटचा फोटो, आणि ३३८९च्या चाचणीचं उत्तर. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. तुम्ही नेमकं मिनिट दिलंत तर आयटीवाल्याला त्यातली तुमची ओळ शोधायला फार वेळ लागत नाही.